‘कोठे निजला’ या रकान्याचा वारसा

मी, शामकला तुलसीराम कटरे, वय ७१, अविवाहित, निवृत्त अभिलेखपाल, राहणार तिरोडा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी दोनदा तपासला. छत्तीस वर्षे लोकांचे दाखले तपासण्यात गेली, आता ही खोड जायची नाही.

१. तिरोड्याचे राहते घर माझी भाची रुची, व्यवसायाने परिचारिका, हिला द्यावे. अट एकच. पावसाळ्यात या घरात कोणीही, पाहुणासुद्धा, जमिनीवर निजणार नाही. सात खाटा आणि सात मच्छरदाण्या त्यासाठीच घेऊन ठेवल्या आहेत. लोक हसले, हसू देत.

२. माझ्या हातच्या अकरा वह्याही रुचीला. त्यांची हकिकत लिहिणे भाग आहे, नाहीतर त्या रद्दीत जातील.

माझ्या नोकरीचा सरकारी दवाखाना राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. १९९४ साली जुनी रजिस्टरे जाळायचा हुकूम आला. गठ्ठे बांधताना मी १८९३ चे उघडले. रोग, वय, गाव, मृत्यू, आणि शेवटी एक रकाना : कोठे निजला, खाटेवर की जमिनीवर. त्या वेळच्या गोऱ्या डॉक्टरची समजूत अशी, की विषारी हवा जमिनीलगत साचते. समजूत साफ चुकीची, पण रकाना इमानेइतबारे भरलेला. पावसाळ्यात पहाटे पोटात कळ, ताप नाही, पापण्या मिटलेल्या, दुपारपर्यंत मृत्यू, अशी चाळीस माणसे मी वेगळी काढली. त्यातली अडतीस जमिनीवर निजलेली होती. मी रजिस्टरे जाळली नाहीत. हुकूम मोडला, हे इथे कबूल करते.

त्याच श्रावणात दरेकशाहून एक बाई अशाच पोटदुखीने आली. तिच्या नवऱ्याने अंथरुणात सापडलेला मेलेला साप धोतरात बांधून आणला होता. मण्यार. रात्री जमिनीवर निजलेल्याला डसते, जागही येत नाही. अंगावर दंशाची खूण कुठेच नाही. मी रजिस्टर घेऊन अधीक्षकांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, “कारकूनबाई, निदान तुम्ही करणार का?” मी म्हटले, “साहेब, मोजणी मी केली. निदान तुम्ही करा.” त्यांनी सर्पविषावरची लस टोचली. बाई सहाव्या दिवशी चालत घरी गेली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत असे एकोणीस रुग्ण आले. सतरा वाचले, दोन उशिरा आले. सतराही जणांची नावे वहीत आहेत. हीच माझी खरी इस्टेट, आणि तिचा मला भारी गर्व आहे.

३. त्या अधीक्षकांना, हयात असल्यास, माझी लाल शाईची दौत द्यावी. मृत्यूच्या कारणापुढे ते नेहमी ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहीत. हृदय सगळ्यांचेच बंद पडते. माझ्या दाखल्यावर खरे कारण लिहावे, रुचीने तपासावे.

४. आता माझी आई, रुख्मा. १९६७ च्या पावसाळ्यात माझे वडील पहाटे पोट धरून उठले आणि दुपारी गेले. दवाखान्याच्या रजिस्टरात नोंद : पोटशूळ. शेरा : ताप नाही, पापण्या उघडत नाहीत. ते गोठ्यात जमिनीवर निजले होते. गाव म्हणाले, बाईने पापण्या बांधल्या, जादू केली. पंचांनी विचारले तेव्हा माझा सतरा वर्षांचा भाऊ भैय्यालाल म्हणाला, “मायनंच केलन.” आई बोदलकशाला माहेरी गेली ती परतली नाही. सत्तावीस वर्षांनी मी तिच्यापुढे रजिस्टर उघडून सगळे समजावले. तिने त्या नोंदीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “मंग म्या नाई मारलं न त्याइले?” इतकी वर्षे तिलाही ते खरे वाटत होते. मी तिला पोटाशी धरून रडले. पुढची दोन वर्षे ती ताठ मानेने जगली.

५. बोदलकशाचे एक एकर वावर भैय्यालालला द्यायचे ठरले होते. रागावले असले तरी भाऊ आहे. वकील म्हणाले, ज्याला वाटा त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून काल त्याला बोलावून कलम चार त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतले आणि विचारले, “दादा, वावर पायजे का सही करतं?”

तो पंचाहत्तर वर्षांचा. चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, “वावर दे रुचीले. मायच्या नावानं एक डाव खोटा बोललो, आता सही करून राहिलो. पेन दे.”

सबब वावरही रुचीलाच. भावाबद्दलचा माझा राग मी कोणाच्याही नावे ठेवत नाही. तो काल संपला.

हे मी स्वतः लिहिले, वाचले, बरोबर आहे.

ठिकाण : तिरोडा. दिनांक : ११ ऑगस्ट २०२५.

सही : शामकला तुलसीराम कटरे

साक्षीदार १ : छोटेलाल बोपचे, निवृत्त औषधनिर्माता. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : भैय्यालाल तुलसीराम कटरे. बहिणीने माझ्यासमोर सही केली. कलम चार खरे आहे. १९६७ साली पंचांपुढे मी खोटे बोललो. माझी आई रुख्मा निर्दोष होती.