घागरीसाठी फुलं

३० मार्च
पाडवा. कडुनिंब मोहरला. आठ घरांच्या मधली आमची सामाईक बाग सकाळी बारीक पांढऱ्या फुलांनी भरून गेलेली. कोणी झाडू नये वाटलं. शेजारच्या लताबाईंनी झाडलं.

मोगऱ्याला कळ्या. त्यांच्या लेकीने, मयुरीने लावलेला. तेव्हा दहावीत होती, मी तिची वर्गशिक्षिका.

२ एप्रिल
पहिली फुलं! सकाळी शुभ्र, संध्याकाळी कडा तांबूस. एवढंच. तरी दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

६ एप्रिल
लताबाईंचे यजमान, रुपचंदभाऊ, मोगऱ्याला पाणी घालत होते. मयुरीने गेल्या जूनमध्ये परजातीत लग्न केलं, चोपड्याला राहते. तेव्हापासून घरात तिचं नाव काढू देत नाहीत. मोगऱ्याचं पाणी मात्र चुकत नाही.

म्हटलं, यंदा बहर चांगला आहे.

"आखाजीले तिना नावनी घागर भरसू, मॅडम. फुलं याच झाडना."

नळी पुढच्या आळ्यात सरकवली.

७ एप्रिल
झोप नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची ती घरातल्या मेलेल्यांसाठी. आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात त्याही आखाजीलाच. मयुरीची लग्नानंतरची ही पहिली!

लताबाई गच्चीवर पापड उलटत होत्या. "मी त्या घागरीत पाणी वतणार नाही म्हटलं. म्हणे, नको वतू."

त्यांच्याकडे पाहवेना. मयुरीच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. इथे कोणालाच माहीत नाही.

९ एप्रिल
पहाटे सगळी फुलं तोडली. मूर्खपणा. झाड उद्या नवी देणार.

१० एप्रिल
तोडली.

१७ एप्रिल
पलीकडच्या घरातल्या बेबाबाई बागेत उभ्या राहून ओरडत होत्या. "कोन मेला चोरटा शे! बठ्ठा फुलं लई जास, देवले एक ठेवत नही!" मीही मान हलवली.

घरात वाट्या, ताटल्या, पातेली — सगळ्यांत मोगरा. टाकवत नाही. खिडक्या बंद, बाहेर धुळ्याचं बेचाळीस. फूल झाडावरच पाहावं, असं आयुष्यभर मुलांना सांगत आले. यंदा गेल्या आठ दिवसांत एकही झाडावर उमललेलं पाहिलं नाही.

२६ एप्रिल
बहावा पिवळा झाला. त्याच्याकडे बघायलाही वेळ मिळाला नाही.

रुपचंदभाऊ दारात. बोअरची किल्ली द्यायला आले, पाण्याची पाळी आमची. मी दार पुरतं उघडलं — चूक! ते उंबऱ्यावरच थांबले. वास. मग आत टेबलावरच्या ताटल्या दिसल्या.

"तुम्ही?"

"हो." मग थांबता आलं नाही. "लग्नाला साक्षीदारही मीच होते."

ओरडतील म्हणून उभी राहिले. ते तांबूस पडलेल्या फुलांकडे बघत होते.

"तवय तिना डोकामा फुलं व्हतात का?"

खोटं बोलता आलं असतं.

"नव्हती. घाईत उरकलं."

वळले आणि गेले. किल्ली त्यांच्याच हातात.

२७ एप्रिल
मोगऱ्याला आज पाणी नाही.

२८ एप्रिल
तोडणं थांबवलं. आता कशासाठी लपवायचं? झाड पांढरंफेक. येणारा-जाणारा थांबून बघतो. बेबाबाई म्हणाल्या, "चोर मेला वाटस!" आणि हसल्या. इतकं सुंदर — आणि मला तिथे उभं राहवेना.

२९ एप्रिल
त्यांच्या ओट्यावर डांगर (इकडचं खरबूज), आंबे. दोन घागरी. एक दरवर्षीची, लताबाईंच्या सासऱ्यांसाठी. दुसरी लहान, नवी.

लताबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

३० एप्रिल
आखाजी. उजाडलं तेव्हा मोगऱ्यावर एक कळी नाही. मी तोडल्या नाहीत!

ओट्यावर सासऱ्यांची घागर भरलेली. लहान पालथी.

लताबाई बाहेर आल्या. "पहाटेच्या चोपडा गाडीने गेले. कळ्या ओल्या रुमालात बांधून नेल्या. पोहोचेपर्यंत टिकतील ना हो, मॅडम?"