मूठभर तूर आणि चार गाडगी

शेलूबाजारजवळ, आपल्या घरून
दि. ८ ऑक्टोबर २०२३

चि. संघपाल,

जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. माझी तब्येत बरी, गुडघे तेवढे कुरकुरतात. सोयाबीन काढून झालं. सूनबाईला, नीलिमाला सांग, तिच्यासाठी कुरड्या राखून ठेवल्या आहेत. फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतोस, म्हणून.

परवाची ग्रामसभा मोठी गमतीची झाली. दरवर्षी गावाच्या कामांचा आराखडा वाचून दाखवतात, माणसं माना डोलावतात, सह्या ठोकतात आणि चहा पिऊन घरी जातात. या खेपेला मी आपल्या सरपंच वैजयंतीला म्हटलं, पोरी, कानाला कळत नाही ते हाताला कळते. मग पारावर चार गाडगी मांडली. वाचता न येणाऱ्यांसाठी पुढं खुणा: अंगणवाडीच्या गाडग्यापुढं पळी, रस्त्यावरच्या दिव्यांपुढं बल्ब, नाला ओलांडायच्या रपट्यापुढं चिखलानं माखलेली चप्पल आणि गावाच्या कमानीपुढं वीट. काम पुरं व्हायला जेवढा पैसा लागेल, तेवढ्यावर गाडग्याच्या आतून चुन्याची रेघ. माणशी एक मूठ फुटाणे. तोच गावाचा निधी.

फुटाणे ही माझीच अक्कल. गाडग्यापर्यंत जाता जाता अर्धा निधी लोकांनी खाऊन टाकला. शेजारची मनकर्णाबाई तोंड पुसत म्हणते, "सरकारचा पैसा पह्यल्यांदा आमच्या पोटात गेला. पचू तर द्या."

मग कच्ची तूर आणली. पहिल्या फेरीत सगळ्यांनी चारी गाडग्यांत थोडी थोडी टाकली, कोणाचं मन मोडायला नको. रेघेपर्यंत एकही पोचलं नाही. "अजून एक मूठ दे ना व बाई," माणिकराव म्हणाले. वैजयंती म्हणाली, "वरून एकच मूठ येते, काका. सगळीकडं शिंतोडे मारले तर भिजत काहीच नाही." तूर परत वाटली. तेव्हा कुठं खरी भांडणं सुरू झाली, आणि ती ऐकण्यासारखी झाली.

आता कमानीचं. तिच्यावर तुझ्या बाबाचं नाव यावं म्हणून तू केव्हाचा धडपडतोस, ठाऊक आहे. तिच्या गाडग्याचा नुसता तळ झाकला. रपट्याचं रेघेच्या वर गेलं. पावसाळ्यात आपल्या वस्तीतली लेकरं नाल्याअलीकडं अडकतात, शाळा बुडते, हे तू विसरला नसशील.

कमानीत आख्खी मूठ टाकणारं एकच माणूस निघालं. मनकर्णाबाई. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीसाठी तुझ्या बाबाशी जन्मभर भांडली, तीच. मी विचारलं, "तू काहून?" तर म्हणते, "मानूस तर गेला, भागिरथे. आता भांडाले निदान त्याचं नाव तरी समोर पाह्यजे ना." आम्ही दोघी हसलो. मग तिनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले.

आणि माझी मूठ? तू विचारशीलच. रपट्यात टाकली, सगळीच्या सगळी. तुझ्या बाबाचं नाव मला कुठं वाचावं लागत नाही, राजा. नाल्याचं पाणी मात्र कोणाचं नाव वाचून उतरत नाही.

धम्मचक्र दिनाच्या सुट्टीत ये. रागावायचं असेल तर समोर बसून रागाव. भाकर गरम वाढीन.

नवऱ्याच्या नावाला एक दाणाही न देणारी, आणि तरी त्याचीच,
तुझी आई
भागिरथा