आठ बायांचं गणित

बाबा, तुम्ही नको म्हणाला होता आणि मी तेच केलं. आता माझं वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे, त्यामुळे हे लिहिताना तुमची परवानगी मागत नाही.

मेहकरच्या स्टँडसमोरचा पुस्तकवाला तुमचं अंकगणिताचं पुस्तक विकायचा. इथल्या पोरांना कळावं म्हणून तुम्ही दोन उन्हाळे बसून लोणारच्या एसटीची, जानेफळच्या बाजाराची, वावरातल्या निंदणाची गणितं रचली होती. एका जूनमध्ये त्याच्या दुकानात नवं कव्हर दिसलं. आत गणितं तीच, क्रमही तोच, लेखक म्हणून नाव मात्र त्याचं. तुम्ही जाब विचारायला गेलात, तेव्हा मी सोबत होते. पुस्तकांची चळत लावता लावता तो म्हणाला, "मास्तर, बेरीज-वजाबाकीले कोनी मालक असते काय?" मग बुलढाण्याच्या कोर्टात दावा लावलात.

त्यानं तिथं सांगितलं की गणितं मीच रचली, आम्ही एकाच मुलखातले, सारखी येणारच. वकील म्हणाले, नक्कल सिद्ध करा. मी स्वयंपाकघरात बसून दोन्ही पुस्तकं मोठ्यानं वाचत ताडून पाहते आहे, आई भाकरी थापते आहे. चार बाया एक वावर सहा दिवसांत निंदतात, तर आठ बाया किती दिवसांत? पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर मी वाचलं: बारा.

आईचा हात थांबला. ती शाळेत कधी गेली नव्हती, पण निंदायला गेली होती. "काऊन वं, आठ बाया आल्या तं काम लवकर उरकन का लांबन?"

उत्तर तीन हवं होतं. तुमच्या पुस्तकात बारा होतं, आणि त्याच्याही पुस्तकात बाराच. मी पळत बाहेरच्या ओट्यावर तुमच्याकडे आले, आई पिठाच्या हातांनी मागोमाग. तुम्ही दोन्ही पानं पाहिलीत आणि चष्मा काढलात.

"याच चुकीसाठी म्या पोराइले बाकावर उभं केलं. आता कोर्टात सांगू, की मास्तरनंच चुकीचं छापलं? हा विषय पुन्हा काढाचा नाही."

वकिलांना तुम्ही काहीच कळू दिलं नाहीत. साक्षीची तारीख लागायच्या आधी तुम्ही गेलात. दाव्यात तुमच्या जागी वारस म्हणून आईचं आणि माझं नाव लागलं, आणि तेरावं झाल्यावर मी दोन्ही पुस्तकं वकिलांच्या टेबलावर उघडून ठेवली.

पिंजऱ्यात उभी राहून मी ते गणित वाचलं. न्यायाधीशांनी पुस्तकवाल्याला विचारलं, बारा कसे आले? तो म्हणाला, छापखान्याची चूक. "दोन छापखान्यांनी एकच चूक केली?" निकाल आपल्या बाजूनं लागला. त्याच्या प्रती दुकानातून उचलल्या गेल्या आणि पुस्तक तुमच्या नावावर राहिलं.

गावात हसू झालं, तेही सांगते. बरेच दिवस बाजारात कुणीतरी म्हणायचंच, "मास्तरच्या आठ बायाइले बारा दिवस लागतेत." तुम्ही असता तर शाळेची वाट बदलली असती. मी बाजाराची वाट नाही बदलली. चूक तुमची होती म्हणूनच पुस्तक तुमचं ठरलं. निर्दोष मास्तर म्हणून तुम्ही हरला असता आणि तो तुमच्या गणितांवर आपलं नाव मिरवत बसला असता. तुमचा मान मोडला असेल तर मोडू द्या. पुन्हा वेळ आली तरी मी तेच पान उघडीन.

हा कागद कुणाला दाखवणार नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं होतं, "ही चूक कोर्टापुढे आणावी, अशी वडिलांची इच्छा होती का?" आई मागच्या बाकावर बसली होती. शपथ घेतलेली असताना मी म्हणाले, "हो."