कर्नलसाहेब आपला माणूस

३० नोव्हेंबर २०२४, दमास्कस
अलेप्पो बंडखोरांच्या हाती पडलं म्हणतात. रेडिओवर काही नाही, म्हणजे अफवाच. कर्नलसाहेब माझ्या सलूनमध्ये आले. दाढी, मिशीला आकार, मानेला मालिश. पैसे अर्थात घेतले नाहीत. मी पोराचा, नव्वारचा विषय काढला. म्हणाले, "पुढच्या महिन्यात पोरगा घरी!" पोरगा दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी नोकरीला गेला, त्याला सात वर्षं झाली. पण वर ओळख असली की कामं होतात. हयामला सांगितलं, तर म्हणे, "हा पुढचा महिना मी सात वर्षं ऐकतेय." बायकोला राजकारण कळत नाही.

३ डिसेंबर
निश्चय: निष्ठा दिसली पाहिजे. गल्लीतल्या प्रत्येक शटरवर हुकुमाप्रमाणे सरकारी झेंडा रंगवलेला आहे, पण माझा फिका पडलाय. नव्याने रंगवायचा. साहेब बघतील, फाइल हलेल. लाल रंगाचा मोठा डबा आणला. शेजारचा उसळवाला अबू रातिब घेवड्याचं पातेलं ढवळत म्हणाला, "अहो नव्वारचे बाबा, रंग वाळेपर्यंत तरी सरकार टिकेल का?" जळतो मेला.

५ डिसेंबर
हमा पडलं. शटर रंगवून झालं. लाल पट्टा, दोन हिरवे तारे, झकास! कर्नलसाहेबांची गाडी भरधाव गेली. थांबले नाहीत, पण पाहिलं असणारच.

७ डिसेंबर, संध्याकाळ
होम्सला लढाई. नव्वार तिथेच. त्याचा फोन लागत नाही. साहेबांचाही बंद. कामात असतील. हयाम फोन मांडीवर घेऊन बसलीय, जेवली नाही. म्हटलं, काळजी नको, कर्नलसाहेब... तर कडाडली, "त्या माणसाचं नाव काढू नका!"
मलाही जेवण गेलं नाही.

८ डिसेंबर, पहाट
शटरवर धाडधाड. बघतो तर खुद्द कर्नलसाहेब, ट्रॅकसूटमध्ये! वाटलं, नव्वारची बातमी घेऊन आले. म्हणाले, "मिशी काढ. लवकर."
एवढी जपलेली मिशी! अर्धी उतरवल्यावर विचारलं, "साहेब, नव्वारचं काय झालं?"
"कोण नव्वार?"
वस्तरा हातातच थांबला. म्हटलं, "माझा मुलगा, साहेब. होम्सला आहे."
"हं, हं. बघू, पुढच्या महिन्यात. हात चालव."
जाताना खुंटीवरचा माझा कोट घालून गेले. गडबडीत नावं विसरायला होतात.

त्याच दिवशी, दुपार
सरकार गेलं. चौकात नाच, हवेत गोळ्या. अख्ख्या गल्लीत माझंच शटर चकाकतंय. एक पोरगा त्यावर थुंकून गेला. नव्या झेंड्यात तीन तारे लाल, तेवढं माझ्या डब्यातून भागेल. पण वरचा पट्टा हिरवा, आणि हिरवा रंग अख्ख्या शहरात संपलाय. दुकान बंद करून शटरवर फुलाफुलांची चादर बांधली. हयाम होम्सकडून येणाऱ्या प्रत्येकाला नव्वारचा फोटो दाखवत फिरतेय.

१० डिसेंबर
निश्चय: नव्यांशी ओळख वाढवायची. त्यांच्या कमांडरला चहाला बोलावलं. छातीपर्यंत दाढी, खांद्यापर्यंत केस. कशालाच कात्री लावू देईना. नव्वारचं सांगितलं. म्हणाला, "बघू, इन्शाल्ला." शुभ लक्षण. कर्नलसाहेब इन्शाल्लासुद्धा म्हणत नसत.

११ डिसेंबर
नव्वार आला!
होम्सहून चालत. वर्दी खड्ड्यात टाकून, कुणीतरी दिलेल्या पायजम्यात. हयामने त्याला मिठी मारली ती सोडेचना. मीही रडलो. किती वाळलाय पोरगा!
जेवताना म्हटलं, आता कमांडरही आपलाच माणूस. उद्या जाऊ, तुझे कागद करून घेऊ.
त्याने रोटी खाली ठेवली. म्हणाला, "बाबा, माझ्या तुकडीतली पोरं पहिल्याच वर्षी लेबनॉनला पळाली. मलाही चल म्हणत होती. मी थांबलो. म्हटलं, बाबांनी बोलून ठेवलंय, पुढच्या महिन्यात सुटतोय." मग म्हणाला, "आता कृपा करा, माझ्यासाठी कुणाशी बोलू नका."
मी त्याच्या ताटात आणखी एक रोटी वाढली.
तो बसल्या जागी झोपला. घरात धड पांघरूण नव्हतं, तेव्हा हयामने शटरवरची चादर सोडून आणली आणि त्याच्या अंगावर घातली. शटरवरचा जुना झेंडा आता उघडाच आहे. हिरवा रंग अजून मिळालेला नाही.