दगडी पात्रातलं पाणी

आई, आज हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, आणि सांगावं अशी तूच आहेस. इथे अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या एका चर्चमध्ये आमच्या ऑफिसचं बांधकामाचं काम चालू आहे. तिथे इंग्लंडच्या एका खेड्यातल्या बंद पडलेल्या चर्चमधून बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आणलंय. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी घालून त्याला धर्मात घेतात ना, ते. सातशे वर्षांचं, आई! अष्टकोनी, आपल्या तांब्याच्या घंगाळाएवढं खोल. खोकं उघडल्यावर मी आत कोपरापर्यंत हात घातला. टाकीचे घाव अजून बोटांना लागतात, नुकत्याच टाकवलेल्या पाट्यासारखे. आणि तळाला बरोबर मध्ये एक भोक.

त्या भोकापाशीच माझा जीव अडकला. ड्रॉइंग मीच काढलं होतं, साहेबांनी सांगितलं तसं, आणि त्यात त्याचा पाइप सरळ संडासाच्या लाइनला जोडलेला. दुपारी वर काँक्रीट पडणार. तेवढ्यात डोळ्यांसमोर आपल्या जुन्या क्वार्टरमधली मोरी येते. बाबांच्या धरणांवरच्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तू आणि आपलं स्वयंपाकघर. मी पाढे म्हणत म्हणत देवांच्या आंघोळीचं पाणी मोरीत ओततेय, आणि तू पोळी तव्यावर टाकून धावत येतेस. "अगं, देव न्हालेत त्यात! खरकट्यात सोडतेस? तुळशीला घाल."

आमचे साहेब नागपूरचे, मी त्यांना काकाच म्हणते. भीत भीत म्हटलं, "काका, हे पाणी गटारात जाणं बरं नाही वाटत."

"काय बाप्पा! त्यांचा देव, त्यांचं पाणी. तू कधीपासून पुजारीण झालीस? दोनला ट्रक येतोय."

नोकरी नवी, व्हिसा त्यांच्या हातात. गप्प बसणंच शहाणपणाचं होतं. पण मी ड्रॉइंग घेऊन चर्चच्या पाद्रीबाईंकडे गेले. म्हटलं, "माफ करा, मला तुमच्यातलं माहीत नाही. पण हे पाणी मातीत जायला नको का?"

त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! ते पूर्वीपासून मातीतच सोडतात. मला वाटलं, हे काय वेगळं सांगायचं!"

काँक्रीट उद्यावर गेलं. काका आधी चिडले, मग हसत सुटले. "चला पुजारीणबाई, ड्रॉइंग बदला आता!" संध्याकाळी नवा पाइप थेट खाली जमिनीत उतरला. मी स्वतः बादलीभर पाणी ओतून पाहिलं. गुडगुड करत गेलं, आई! खालच्या खडीतून इथल्या लाल मातीत मुरलं. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसमोर.

पाद्रीबाईंनी विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

"आईनं."

"मग तिला कळव, तिचं बरोबर होतं."

मी म्हटलं, "हो, कळवते." शब्द दिलाय म्हणून हे पत्र लिहिलंय, पोस्टात टाकायचं नाहीच. तू आता नाहीस हे मला तिथेच सांगता आलं असतं. पण 'कळवते' म्हणताना क्षणभर तू घरीच आहेस असं वाटलं, आणि ते मोडायचं माझ्या जिवावर आलं.