खुर्चीवाल्याची बाजू

सर, मी तुमच्यावर चिडलेलो आहे. तुम्ही जाऊन सहा वर्षं होऊन गेली, आणि मेलेल्या माणसावर चिडणं म्हणजे भिंतीशी भांडणं, हे मलाही कळतं. आईला वाटतं मी नोकरीवरून चिडचिड करतो. नोकरीचं काही नाही. इथंच हिंगोलीत एका साउंडवाल्याकडं आहे. लग्न असो, जयंती असो, गणपती असो, स्पीकरचे बॉक्स टेम्पोत चढवायचे, उतरवायचे, वायरी जोडायच्या. कॉलेज मध्येच सुटलं, ते तुम्हाला माहीत नाही. तेही शेवटी तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झालेल्या भांडणापायीच सुटलं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. ऐकावं लागेल. आता ताटावर चमचा वाजवून "वेळ संपली" म्हणायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

रविवारची गणिताची शिकवणी संपली की बाकीची पोरं सायकली काढायची आणि मी मागं राहायचो, तुमच्याकडं गिटार शिकायला. तुमचा जुना डेक स्वयंपाकघरातल्याच प्लगवर चालायचा, म्हणून मैफल तिथं. तुम्ही पुण्याला होस्टेलात असताना जमवलेल्या कॅसेटी, त्यातली वीस-वीस मिनिटांची गाणी, ज्यांत धड मुखडा नाही, धड अंतरा नाही, आणि कुठं मान डोलवायला लागावं तर तेवढ्यात ठेका बदललेला. "याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात," तुम्ही सांगितलंत आणि सांडशीनं ओट्यावर सात मात्रा मोजून दाखवल्यात. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ह्या गोऱ्यांची भांडणं माझ्या गॅसपाशी काहून आणता? कोण मोठा ते एकदाचं ठरवा, म्हंजी त्यालाच जेवायला बोलवते." ठरत कधीच नव्हतं. सगळ्यात मोठा गिटारवाला कोण, एवढा एकच प्रश्न, आणि तो आम्हाला तीन वर्षं पुरला. माझा माणूस म्हणजे तो सुसाट वाजवणारा, ज्याची बोटं दिसत नाहीत, नुसता धूर दिसतो. तुमची लेक, माझ्याच वर्गातली, तिचा माणूस खुर्चीवाला. स्टेजवर खुर्ची मांडून बसतो, अंधारात तोंड ठेवतो, आणि पोस्टात शिक्के मारावेत तसं वाजवतो. आपल्या घरात त्यांची नावं हीच होती, सुसाट आणि खुर्चीवाला. तुमचा माणूस कोणता, ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. जो जिंकत असेल त्याच्या विरुद्ध तुम्ही.

आणि तुमचा तो नियम. आधी समोरच्याच्या माणसाची बाजू मांडायची, ती त्याला पटली पाहिजे, मगच आपलं तोंड उघडायचं. शाळेत वादविवादाला पोरं तयार करायचात तेव्हापासूनचा तुमचा कायदा. मी सुरू करायचो, "खुर्चीवाला चांगला आहे, पण—" आणि ताटावर चमचा. "पण आला. बाद." परत सुरू, परत बाद. मी चिडून उठायचो, चपला घालायचो, आणि काकू आतून ओरडायच्या, "अरे, भाकर तर खाऊन जा, मंग रुस." एकदा तुम्ही हसत नव्हता. म्हणालात, "तुला वाजवता येतं रे, ऐकता येत न्हाई. गिटारीचं सोड, माणसांचंही तेच होणार तुझं." ते वाक्य मी गिळलं नाही, सर. ते अजून घशात आहे.

त्याच दिवशी तुमच्या लेकीनं माझी बाजू मांडली होती. ओट्याला टेकून उभी, हातात चिरायला घेतलेली मेथी, आणि म्हणाली, "लोकायला वाटतं सुसाट भाव खातो. तसं न्हाई. त्याला भीती वाटते की गाणं संपून जाईल आणि सांगायचं राहून जाईल. म्हणून तो सगळं एकदमच सांगायला बघतो." चमचा वाजला नाही. त्या तिखट तोंडाच्या, माझ्यावर सतत डाफरणाऱ्या पोरीला माझ्याबद्दल हे कुठून कळलं? त्या दिवसापासून माझं जे झालं ते झालं. तुमच्या लक्षात आलं असेल. गणितवाल्यांच्या लक्षात सगळं येतं, ते बोलत नाहीत एवढंच.

मग मी नांदेडला इंजिनिअरिंगला निघालो तो दिवस. डेपोत तुम्ही दोघं आलात. तुमच्या खांद्यावर काळ्या कव्हरातली गिटार, जयंतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचात ती. एका वर्षी भर मिरवणुकीत एकच सूर लांबवत बसला होतात आणि ट्रॉलीवरची पोरं ओरडली होती, "ओ सर, नाचायचं कव्हा?" तीच ती. गाडी लागली आणि तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. "तुझ्याकडं राहू दे." एवढंच. तुमची लेक माझ्याकडं बघत नव्हती, कव्हराकडं बघत होती. तिची बोटं तारांवर माझ्यापेक्षा साफ पडायची, हे तुम्हाला माहीत, मला माहीत, काकूंना सुद्धा माहीत. आणि मी गाढव, गाडी औंढ्याच्या पुढं जाते ना जाते तोच तिला फोन लावला आणि म्हणालो, "निकाल लागला बरं का! सुसाट जिंकला!" तिनं फोन ठेवला. दिवाळी झाली आणि स्टाफरूममध्ये तुमच्या छातीत दुखलं, आणि विचारायचं ते विचारायला कुणी उरलं नाही. काहून दिलीत मला? सांगून मेला असतात तर काय बिघडलं असतं? दोन लेकरांना तीन वर्षं एका प्रश्नावर झुंजवलंत आणि उत्तर स्वतःबरोबर घेऊन गेलात.

ती पुण्याला शिकायला गेली. फोन केला की "हं, हो, बरं." मी नांदेडच्या खोलीत तिच्या खुर्चीवाल्याला लावून पडायचो. आवडत होता असं नाही, पण खोलीत तिचं काहीतरी वाजतंय एवढं तरी. तिसऱ्या वर्षी एका पोरानं दार ढकललं, म्हणाला, "बंद कर बे तुझा पोस्टमास्तर." मी त्याच्या थोबाडीत दिली. एक नाही, बऱ्याच. कॉलेज म्हणालं, माफी लिहून दे नाहीतर घरी जा. मी पेटी उचलली. घरी आईनं विचारलं, "कोनासाठी मारलंस रे त्या लेकराला?" काय सांगू? "एका इंग्रजासाठी," म्हणालो. आई आठ दिवस बोलली नाही.

आता गेल्या हप्त्यातलं. तुमच्या लेकीचं लग्न ठरलंय, पुण्याचाच मुलगा, तिच्याच ऑफिसातला. तुम्हाला आवडला असता, असं काकू सांगतात. दुपारी मी गोडाऊनला वायरी गुंडाळत बसलेलो, समोर ती उभी. इतक्या वर्षांनी. "गिटार पायजे मला," म्हणाली, "घेऊन जाते." मी म्हणालो, "सरांनी मला दिली." ती म्हणाली, "माहीत आहे. आधी मला वाटायचं, मी पोरगी म्हणून दिली न्हाई. मंग तुझा फोन आला, तर वाटलं खुर्चीवाला हरला म्हणून दिली न्हाई. ह्यातलं कोणतं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता येत न्हाई." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चढवला असता.

मी वायर गुंडाळतच राहिलो, तर ती एका मोठ्या बॉक्सवर बसली आणि म्हणाली, "चल, पप्पांच्या नियमानं. खुर्चीवाल्याची बाजू मांड. मला पटली तर गिटार तुझी, परत मागणार न्हाई. पण आला की बाद." हसली. तिला खात्री होती सर, मी दुसऱ्याच वाक्याला आपटणार.

मी बोलायला लागलो. म्हणालो, बाकीचे चारापर्यंत मोजत असतात तेव्हा खुर्चीवाला सातापर्यंत मोजत असतो. सगळ्यांना वाटतं हा चुकला. तो कुणाला समजावत बसत नाही, वर बघत नाही, घाई करत नाही. आपलं मोजत राहतो. आणि बरोबर जागेवर येऊन सगळ्यांना भेटतो, आणि भेटल्यावर हसतसुद्धा नाही, की बघा मी आलो. लोक त्याला थंड म्हणतात. थंड माणूस इतका वेळ कुणाची वाट बघत नसतो. अंधारात बसतो ते भाव खायला नाही. त्याला वाटतं, आपल्याकडं बघण्यात कुणाचं ऐकायचं राहून जाऊ नये. असं बरंच. मला थांबताच येईना. 'पण' एकदाही आला नाही. मी कुणाबद्दल बोलून राहिलो होतो ते मला तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच कळलं होतं. तिलाही कळलं असावं, कारण ती माझ्याकडं बघायचं सोडून बॉक्सच्या जाळीवर नख ओढत बसली. तेवढ्यात आमचे शेठ दारातून ओरडले, "भाषण झालं असंल तर टेम्पो भरा की, राजे! साखऱ्याला हळद हाय, नवरदेव वाळून जाईल!"

ती उठली. डोळे पुसले की धूळ झटकली, मला दिसलं नाही. "पटलं," म्हणाली. "पप्पांनीसुद्धा असं कधी मांडलं न्हाई. ठेव मंग." मी म्हणालो, "लग्नाला येऊ का? साउंड लावायला?" कडूच बोललो, बोलायचंच होतं. ती म्हणाली, "जेवायला ये, येड्या," आणि गेली.

बघा सर, तुमचा नियम. तीन वर्षं त्यात मी बाद होत राहिलो आणि दर रविवारी तिच्यासमोर बसलो. एकदाच पास झालो आणि ती उठून गेली. आता मागणार नाही म्हणाली म्हणजे मागणार नाही, तुमचीच लेक आहे. लोक म्हणतात तुम्ही किती पोरं घडवली. माझ्या नावापुढं काय लिहिणार आहात?

हा कागद कुठं टाकायचा नाही. काकूंना दाखवला तर त्या रडतील, तिला पाठवला तर तिच्या घरात गोंधळ, आणि तुमच्यासाठी टपालपेटी कुठं आहे ते मला माहीत नाही. दुमडून खिशात ठेवतो, धुण्यात जाईल. फक्त एक सांगतो, कुणाला बोललो नाही. ती गोडाऊनच्या दारात उभी राहून पहिल्यांदा "पायजे" म्हणाली, तेव्हाच गिटार द्यायचं माझं ठरलं होतं. फक्त तिनं अजून एकदा मागावं, एवढीच इच्छा होती.