कृमिकन्या

सोनगीर, रविवार, संध्याकाळ

शेजारच्या सुनंदाचं संशोधन. खाडीच्या गाळात विषारी धातू वाढले की तिथल्या किड्यांच्या पेशी आतून जणू गंजतात. मग किडा वाढणं थांबवून सगळी ताकद जीव वाचवण्यात घालतो. आमच्या साप्ताहिकात द्यायची बातमी एवढीच. पण मला संस्कृतची खाज सुटली, मथळा दिला 'कृमिकन्या'. काय गरज होती?

आज तिचे वडील दारात आले. "नाना, बठ्ठं गाव हसी ऱ्हायनं. आते पोरनं शिकनं बंद."

माफी मागितली, ते ऐकून न घेताच गेले.

नंतर सुनंदा म्हणाली, "नाना, मथळा झकास होता. खालचं कुणी वाचलंच नाही."

कृमिकन्या! खरं तर मीही मथळा आधी लिहिला होता. तिचं संशोधन नंतर ऐकून घेतलं.